नासिकचे आफ्रिकी कारागीर

अरबी समुद्रातील गुलामवाहू गलबतांतून ब्रिटिश आरमाराने सोडविलेली आणि नासिकजवळील शरणपूर येथे शिकून कारागीर, प्रवाससहायक व धर्मशिक्षक झालेली आफ्रिकी मुले. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणत. ती प्रौढ झाली तरी ‘बॉइज’ हा शब्द सुटला नाही, यावरून त्यांना दिलेल्या दर्जाची कल्पना येते. मोंबासाच्या परिसरात त्यांना पुढे ‘बॉम्बे आफ्रिकन’ हे नाव मिळाले.

भारतातील न्यायालयांनी गुलामावरील मालकीहक्क मान्य करू नये, असे १८४३ च्या पाचव्या अधिनियमाने ठरविले. पण पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबस्तान व इराणी आखाताकडे होणारा गुलामांचा व्यापार १८७३ च्या झांझिबार तहानंतरही लगेच थांबला नाही. पकडलेल्या गलबतांतील माणसे मुंबईस किंवा एडनला उतरवीत. प्रौढांपैकी अनेकांना गोदीत व आगबोटींच्या भट्ट्यांपुढे काम मिळे. ‘सीदी’ खलाशांना उष्णता सोसते, हा समज त्यामागे होता. वेतन मात्र यूरोपीय खलाशांहून कमी असे. मुलांचा प्रश्न अधिक अवघड होता, कारण किनाऱ्यावर परत पाठविल्यास ती पुन्हा व्यापाऱ्यांच्या हाती पडण्याची भीती असे. त्यांच्यासाठी चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर येथे १८६० च्या सुमारास आश्रम चालविला. विल्यम सॉल्टर प्राइस हे त्याचे प्रमुख होते. तेथे लेखन-वाचनाबरोबर सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे शिकवीत. मुलांची मूळ नावे बहुधा जाऊन त्यांच्या जागी ख्रिस्ती नावे आली.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी १८६६ च्या आरंभी मुंबईहून शेवटच्या सफरीस निघताना यांपैकी नऊ तरुण बरोबर घेतले. चुमा व सुसी हे दोघे नासिकचे नव्हते. पण १८६४ पासून तेही मुंबईत होते. चुमा शाळेत शिकत होता, तर सुसी गोदीत काम करीत होता. १८७२ मध्ये जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन प्रभृती नासिकच्या तरुणांची दुसरी तुकडी लिव्हिंग्स्टन यांना जाऊन मिळाली. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी चितांबोच्या गावी त्यांचा मृत्यू झाला. सहकाऱ्यांनी त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थना वाचली व झाडावर लेख कोरला. नंतर शव वाळवून, कापडात व सालीत गुंडाळून ते किनाऱ्याकडे निघाले. वाटेत काहींचा अंत झाला. उन्यान्येंबे येथे कॅमेरन या इंग्रज अधिकाऱ्याने शव तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. तो त्यांनी मानला नाही. हा निर्णय सर्वस्वी त्यांचा होता, ही गोष्ट लिव्हिंग्स्टनच्या चरित्रांतून पुष्कळदा निसटते.

फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोस पोहोचले. तेथे वेतन देऊन बहुतेकांना निरोप देण्यात आला. शवाबरोबर इंग्लंडला गेला तो एकटा जेकब. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमधील अंत्यविधीत तो शवपेटीच्या मानकऱ्यांत होता. चुमा व सुसी यांना मागाहून बोलाविण्यात आले व लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या रोजनिशीच्या संपादनास त्यांच्या माहितीचा उपयोग झाला. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने या सर्वांसाठी पदके पाडविली. परंतु तोवर माणसे पांगली होती व अनेकांपर्यंत पदक पोहोचलेच नाही.

१८७४-७५ मध्ये प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रीअर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभारली, तेव्हा शरणपूरचे अनेक कारागीर व शिक्षक तिकडे गेले. त्यांच्या आधी, १८६४ मध्ये, विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे जवळच्या रबाई येथे रुजू झाले होते. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांच्या हत्येनंतर उरलेल्या हमालांच्या काफिल्याला जोन्सनेच सुखरूप परत आणले. रबाईत पळालेल्या गुलामांना आश्रय मिळत असे. त्यामुळे मोंबासाचे मालक चिडत व हल्ल्याची धमकी देत. अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे १,४०० जणांना मुक्तीचे दाखले मिळाले. वर्षानुवर्षे राबलेल्या माणसांना मात्र मजुरीची भरपाई मिळाली नाही.

मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ मध्ये मोंबासा येथे वारला. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने २००७ मध्ये लंडन येथे या समूहावर प्रदर्शन भरविले. नासिकमध्ये शरणपूर हे नाव आजही रस्त्याला व वस्तीला आहे.