कुंपणावरचा अडुळसा

घरात कोणाला खोकला झाला की अडुळशाची आठवण होते आणि शेजाऱ्याच्या कुंपणावरची पाने मागून आणली जातात. वस्तुतः इतक्या अल्प श्रमात परसात वाढणारे सदाहरित झुडूप क्वचितच आढळेल. संस्कृतातील वासा किंवा वासक तो हाच. तमिळ भाषेत त्याला ‘आडातोडै’ म्हणतात, म्हणजे शेळी ज्याला तोंड लावीत नाही ते. लिनियसने १७५३ साली शास्त्रीय नाव देताना त्यात हाच शब्द घेतला. शेळीची नावड अशी शास्त्राच्या पोथीत कायमची नोंदली गेली!

अडुळसा बियांपासूनही होतो. पण फांदीचा मार्ग अधिक सोपा. पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढी जाड, जून झालेली फांदी निवडावी. कोवळा शेंडा कुजतो. तीन-चार पेरांचा वीतभर तुकडा घेऊन खालचा काप पेराच्या लगत तिरपा द्यावा, कारण मुळे बहुधा पेराजवळच फुटतात. खालची पाने काढावीत आणि वरची अर्धी कापावीत. मुळे नसलेल्या काडीला पुष्कळ पानांची तहान भागविता येत नाही. वाळू व कुजलेले पालाखत समभाग मिसळून त्यात दोन पेरे पुरावीत. कुंडी सावलीत असावी, माती ओलसर राहावी. पाणी मात्र साचू देऊ नये.

येथे उतावळेपणा नडतो. काडीतील साठ्यावरच कोंब फुटतात, आणि मूळ धरले असे समजून ती उपटली जाते. दीड-दोन महिने तिला हलवू नये. पुढे दीड-दोन फुटांवर रोपे लावून शेंडे खुडीत गेल्यास दाट कुंपण तयार होते.

काडी कोणत्या झाडाची, हे आधी पाहावे. गुजरातीत ‘अरडूसो’ म्हणतात तो महारुख. तो मोठा वृक्ष असून त्याचे पान अनेक पर्णिकांचे असते. अडुळशाची पाने साधी, समोरासमोर, आणि फुले पांढरी, जांभळट रेघांची. त्यातील वासिसीन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध सिद्ध झाले. मात्र वासिसीनने गर्भाशयाचे आकुंचन होते. म्हणून गर्भवतीला हा काढा कदापि देऊ नये, आणि लहान मुलांना तो वैद्याला विचारूनच द्यावा.