लंगडा खोंड बरा झाला, पण पुढे काय?



गळीत हंगाम जवळ आला की टोळ्या, ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि करार यांची चर्चा गावोगाव सुरू होते. बैलाच्या पायाची चर्चा मात्र बैलाने पाय धरल्यावरच होते. उसाची बरीच वाहतूक आज ट्रॅक्टरवर गेली आहे, हे खरे. तरी जवळच्या फडातला ऊस टायरगाडीने आणणारे गाडीवान अजून काट्यासमोर रांगेत दिसतात. कोळपणी-कुळवणीसाठी पुष्कळ सभासदांच्या दावणीला बैलजोडीही आहे. अशा जोडीतला तरणा खोंड लंगडला म्हणजे साऱ्या घराला घोर लागतो. औषधपाणी होते, पाय बरा होतो आणि मग खरा प्रश्न उभा राहतो. याला पुन्हा जुंपायचा का? कधी? आणि कोणत्या कामाला? या प्रश्नाचा उलगडा करण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

दुखणे कुठे आहे ?

खोंड कडक, सपाट जमिनीवर सावकाश चालवून पाहावा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना जनावर मुंडी वर उचलते. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा वर-खाली जास्त हलतो. मग पाहणी खुरापासून सुरू करावी. आपले लोक आधी खांदा आणि फरा चाचपतात, पण दुखणे बहुतेक वेळा खुरातच असते. दोन खुरांमधली बेचकी धुवून पाहावी. खडा, काटा, खिळा किंवा उसाचे खुंट रुतले आहे का, खूर दुसऱ्यापेक्षा गरम लागते का, हे पाहावे.

खुरात काही सापडले नाही तर इतर रोगांचा विचार करावा. तोंडातून लाळ गळते आणि खुरांच्या बेचकीत फोड आले आहेत, तर तो लाळ-खुरकूत. ताप आहे आणि आज हा पाय तर उद्या तो पाय धरतो, तर बहुधा तिवा. तिवा तीन-चार दिवसांत उतरतो, पण त्यात गिळण्याची ताकद कमी होते. म्हणून अशा जनावराला नळीने काढा पाजू नये. तो फुप्फुसात उतरला तर साधे दुखणे जिवावर बेतते. मागचा पाय ताठ राहतो, खूर जमिनीवर घासत येते आणि मग एकदम झटका देऊन पाय पुढे पडतो, तर गुडघ्याची वाटी अडकत असते. त्यावर डॉक्टर जागा बधिर करून लहानशी शस्त्रक्रिया करतात आणि पाय मोकळा होतो.

सर्वांत घातकी तो फऱ्या. सहा महिने ते दोन वर्षांची, अंगाने भरलेली जनावरे त्याला विशेष बळी पडतात. अचानक लंगड, जोराचा ताप, फऱ्यावर सूज आणि सूज दाबली की चरचर आवाज, अशी त्याची खूण. यात एक-दोन दिवसांत जनावर दगावते. तेव्हा ‘उद्या बघू’ म्हणायला येथे जागा नाही. पावसाळ्यापूर्वीची लस हाच त्यावरचा खरा उपाय होय.

एका खोंडाची हकीकत

मागच्या एका हंगामातली गोष्ट. आमच्या कार्यक्षेत्रातील एका सभासदाच्या चारदाती खिल्लार खोंडाला पत्री मारली. चौथ्या दिवशी त्याने पुढचा उजवा पाय धरला. घरच्यांना वाटले, खांद्यात भरले. खांद्यावर बिब्बा घातला, कातडी भाजून निघाली आणि सहा दिवस गेले. खोंड दावणीला तीन पायांवर उभा राहू लागला तेव्हा डॉक्टरांना बोलावले. त्यांनी खूर ठोकून पाहिले, पत्री काढली, तर एका खिळ्याच्या छिद्रातून काळा पू आला. खिळा खुराच्या मेलेल्या भागात न बसता आतल्या जिवंत भागात गेला होता. बिब्बा घातला खांद्यावर आणि दुखणे होते खुराच्या टोकाला!

डॉक्टरांनी छिद्र कोरून पू वाहता केला, खूर धुवून औषधाची पट्टी बांधली, धनुर्वाताची आणि जंतुनाशक औषधाची इंजेक्शने दिली. गोठा कोरडा ठेवायला सांगितला. तिसऱ्या दिवशी खोंडाने पाय टेकला आणि तीन आठवड्यांत तो लंगडेनासा झाला. मालक म्हणाले, “डॉक्टर, आता उड्या मारतोय की! सोमवारी जुंपू का?” डॉक्टर म्हणाले, “आप्पा, लंगड गेली. पाय अजून तयार नाही.”

बरा दिसणे आणि बरा होणे

डॉक्टरांच्या म्हणण्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. जनावराचे खूर महिन्याला साधारण अर्धा सेंटिमीटर वाढते. कोरलेली जागा भरून खाली उतरायला कित्येक महिने लागतात. तोवर डांबरी सडकेवरचा खडा त्याच जागी पुन्हा आत जाऊ शकतो. दुसरे असे की, पाय धरलेल्या काळात खांद्याचे आणि फऱ्याचे मांस उतरते. ती ताकद परत यायला कामच लागते, पण ते हलके हवे. तिसरे कारण वयाचे. चारदाती खोंड म्हणजे सुमारे तीन वर्षांचे पोर. त्याची हाडे अजून पक्की व्हायची असतात. भरल्या गाडीचा भार ‘जुळलेल्या’ बैलाचा आहे, त्याचा नव्हे.

त्या खोंडाचे पुढचे वेळापत्रक डॉक्टरांनी असे ठरवून दिले. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ मऊ मातीवरून दाव्याने चालवणे. नंतर शांत, जुन्या बैलाच्या जोडीला रिकामा कुळव. मग थोडी थोडी कोळपणी. ऊस वाहतूक त्या हंगामापुरती पूर्ण बंद. प्रत्येक पायरीला कसोटी एकच होती. काम केलेल्या दिवशी खोंड कसा चालतो हे न पाहता दुसऱ्या दिवशी सकाळी दावणीतून उठताना कसा उठतो ते पाहायचे. ताठला किंवा पाय राखून टेकला, की एक पायरी मागे यायचे.

चाऱ्याकडेही लक्ष हवे. हंगामात आपण जनावरांना वाढ्यांवर ठेवतो. वाढ्यांतील ऑक्झलेट अंगातले कॅल्शियम बांधून टाकते आणि वाढत्या हाडांना तेच कमी पडते. म्हणून वाढ्यांबरोबर कडबा, थोडी पेंड आणि रोज खनिज मिश्रण द्यावे.

सुई मारून जुंपू नका

काही ठिकाणी दुखणे थांबवायची सुई टोचून बैल गाडीला धरतात. हा घात आहे. दुखणे म्हणजे पायाची राखण करणारा पहारेकरी. त्याला झोपवून पायावर भार टाकला की किरकोळ दुखापत कायमची होते. शिवाय डायक्लोफिनॅक या औषधावर जनावरांसाठी २००६ साली बंदी आली, कारण ते टोचलेल्या मेलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडे मेली. अॅसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेन यांवर २०२३ साली बंदी आली. तेव्हा दुकानातून आणलेली बाटली परस्पर वापरू नये. डाग देणे आणि बिब्बा घालणे हेही सोडून द्यावे. त्याने नवी जखम होते आणि मूळ दुखणे झाकून जाते.

कायदाही ध्यानात असू द्या. ओझ्याच्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांप्रमाणे जनावराला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त किंवा विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त कामाला लावता येत नाही. पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन जुंपता येत नाही.

आता त्याचे भवितव्य

पाय पूर्ण बरा झाला तर प्रश्न मिटला. पण थोडी कसर राहिली तर काय? पूर्वी असे जनावर बाजारात जाई आणि पुढची विचारपूस कोणी करीत नसे. आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्याने गोहत्येला बंदी होती. मार्च २०१५ पासून वळू आणि बैल यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हणजे अधू बैलाला गिऱ्हाईक कमी आणि दाण्या-वैरणीचा बोजा मालकावर. रोज दहा किलो कोरडा चारा धरला तरी वर्षाला साडेतीन टनांवर वैरण लागते. हा हिशेब कडू आहे, पण तो डोळ्यांसमोर ठेवूनच निर्णय घ्यावा लागतो.

आमच्या मते वाटा तीन. पहिली, त्याला गाडीतून काढून शेतातल्या हलक्या कामाला ठेवावा. मऊ रानात, पत्रीशिवाय असे बैल पुष्कळ वर्षे काम देतात. दुसरी, विकायचा झाला तर दोष सांगून विकावा. रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो, पण लंगड रुमालाखाली झाकता येत नाही. आज झाकली तर उद्या आपल्याच गावच्या माणसाचा हंगाम बुडतो. तिसरी, काम होतच नसेल तर शेणखतासाठी सांभाळावा. ज्याला वैरण परवडत नाही त्याने आधीच चांगल्या गोशाळेकडे चौकशी करावी. रस्त्यावर सोडून देणे ही वाट नव्हे.

एक मोह मात्र टाळावा. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली, मे २०२३ मध्ये राज्याचा कायदाही ग्राह्य ठरवला, आणि खिल्लार खोंडांना पुन्हा भाव आला. म्हणून एकदा अधू झालेला खोंड शर्यतीत उतरवू नये. भरधाव पळताना सगळा भार त्याच पायावर येतो.

वरच्या हकीकतीतला खोंड सध्या कोळपणी करतो. गाडीला जुंपायचा की नाही हे मालकांनी ठरवलेले नाही. तो जुळेपर्यंत ते थांबणार आहेत. त्यांचे हे थांबणे आम्हाला शहाणपणाचे वाटते.

सभासदांना आमचे सांगणे इतकेच की, हंगामापूर्वी बैलांचे चारही पाय तपासून घ्या, पत्री जाणत्या नालबंदाकडूनच मारा, फऱ्या आणि लाळ-खुरकूत यांच्या लसी चुकवू नका. जनावराने पाय धरला तर त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ हा क्रमांक फिरवा. उशीर झाला की लहान दुखणेही मोठे होते आणि त्याचा भार बैलाबरोबर आपल्यालाही ओढावा लागतो.