घरी भरलेलं काडतूस आणि बंदुकीची वॉरंटी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कुंभकोणमसकट तामिळनाडूतल्या देवळांच्या गावांत मण्यांच्या माळा विकणारे नरिकुरवर आपल्याला भेटतात. एकेकाळी हा समाज शिकारीवर जगत असे आणि त्यांच्या हातात ठासणीची बंदूक असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा आधार गेला आणि माळा-मणी राहिले. जानेवारी 2023 मध्ये या समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांची वागरीबोली गुजराती-मराठीच्या कुळातली आहे. आपल्याकडे सिंधुदुर्ग-रत्नागिरीत रानडुकरं आणि माकडं यांच्यापासून पीक राखण्यासाठी जी शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक अनेक घरांत असते, तिचीच नरिकुरवरांची बंदूक ही सख्खी बहीण.

या बंदुकीमुळे एक समजूत कावेरीच्या पट्ट्यातही पसरली आहे आणि कोकणातही. ठासणीच्या बंदुकीत माणूस दारू, छरे आणि टोपी स्वतःच भरतो. मग वापरलेलं काडतूस घरी पुन्हा भरलं तर बिघडलं कुठे? या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा येतो: तसं केलं तर कंपनीची वॉरंटी राहते का? परदेशातले, विशेषतः अमेरिकेतले व्हिडिओ पाहून विचारणारे तरुण वाढले आहेत. तिथे काडतूस भरण्याची यंत्रं टेबलावर बसवलेली दिसतात आणि वाटतं, आपणही करावं. भारतात या प्रश्नाचं उत्तर वॉरंटीपासून सुरू होतच नाही, म्हणून आधी कायदा पाहू.

“बंदुकीचा परवाना आहे, म्हणजे काडतूस भरायची मुभा आहे”

नाही. परवाना असतो तो बंदूक बाळगण्याचा आणि ठरावीक संख्येत काडतुसं विकत घेऊन ठेवण्याचा. काडतूस तयार करणं ही वेगळी गोष्ट आहे. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 5 शस्त्र आणि दारूगोळा यांची निर्मिती, विक्री, रूपांतर, दुरुस्ती आणि चाचणी या सगळ्यांसाठी स्वतंत्र परवाना मागतं. त्याच कायद्याच्या कलम 2 मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, ती फार कमी लोकांनी वाचलेली असते. तिच्यात भरलेलं काडतूस तर येतंच, शिवाय काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनवण्याची यंत्रंही येतात. म्हणजे परदेशातून मागवलेलं ते टेबलावरचं यंत्र, त्यात अजून एकही काडतूस भरलेलं नसलं तरी, कायद्याच्या नजरेत साधं अवजार नाही.

शिक्षेबद्दलची माहितीही जुनीच सांगितली जाते. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 5 मोडून शस्त्र किंवा दारूगोळा तयार करणाऱ्याला कमीत कमी 7 वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप होऊ शकते. ‘दंड भरून सुटू’ असं कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विसंबू नये.

मग ठासणीच्या बंदुकीचं काय? तिच्यात दारू ठासणं हा ती बंदूक चालवण्याचाच भाग आहे. तिच्यासाठी वेगळं काडतूस नसतंच. तरीही बंदुकीला परवाना लागतो, आणि दारूला 1884 चा स्फोटक कायदा व 2008 चे स्फोटक नियम लागू आहेत. या बंदुकीच्या उदाहरणावरून पितळी वा प्लॅस्टिकच्या काडतुसाला मुभा मिळत नाही.

“दारू ती दारू”

या गैरसमजाने माणसांची बोटं आणि डोळे गेले आहेत, म्हणून यावर जरा थांबू.

ठासणीच्या बंदुकीत काळी दारू वापरतात: सोरा, कोळसा आणि गंधक. आजच्या कारखानी काडतुसात असते ती धूररहित दारू, जिचा पाया नायट्रोसेल्युलोज आहे. दोन्हींचा रंग, दाणा आणि वजन पाहून सामान्य माणसाला फरक उमगत नाही. जळण्याची रीत मात्र पूर्ण वेगळी आहे. धूररहित दारू जितकी कोंडली जाईल तितकी वेगाने जळते आणि जितकी वेगाने जळेल तितका दाब वाढतो. काळ्या दारूसाठी घडवलेल्या नळीत ती गेली, तर नळी फुटते. काडतूस फोडून काढलेली दारू ठासणीच्या बंदुकीत घालण्याचा उद्योग कोणी सुचवला, तर त्याला तिथेच थांबवावं.

धूररहित दारूतही एकच एक प्रकार नाही. पिस्तुलाची वेगळी, रायफलीची वेगळी, छऱ्यांच्या काडतुसाची वेगळी. गोळीचं वजन बदललं, ती आवरणात किंचित खोल बसली किंवा आवरणाची जाडी बदलली, तरी दाब बदलतो. कारखान्यात प्रत्येक लॉटमधली काही काडतुसं दाबमापक नळीतून झाडून पाहतात. घरी हे मोजण्याचं साधन नसतं. घरी काडतूस भरणारा माणूस दाब किती तयार झाला हे बंदूक झाडल्यावरच पाहतो, आणि कधीकधी तेव्हा पाहायला उशीर झालेला असतो.

आकडा सांगतो, म्हणजे हे केवढं प्रकरण आहे ते कळेल. युरोपातल्या सीआयपी या मानक संस्थेने साध्या 12 बोर काडतुसासाठी कमाल दाब 740 बार ठरवला आहे. मोटारीच्या टायरमधली हवा सव्वादोन बारच्या आसपास असते. हे 740 बार गालापासून वीतभर अंतरावर, काही मिलिमीटर जाडीच्या पोलादाआड तयार होतात.

“कमी दारू भरली की धोका नाही”

कमी भरल्याचा धोका निराळा आहे, पण आहेच. गोळी नळीच्या मध्यावर अडकते. आवाज फुसका येतो, झाडणाऱ्याला वाटतं काडतूस वाया गेलं, आणि तो पुढचं झाडतो. बंद नळीवर दुसरी गोळी आपटते. नळीला फुगवटा आलेली किंवा नळी चिरलेली जी शस्त्रं दुरुस्तीला येतात, त्यांच्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

“नळीची परीक्षा झालेली असते, ती जास्त दाब सोसते”

कारखान्यात प्रत्येक नळीची मुद्दाम वाढवलेल्या दाबाने परीक्षा होते, हे खरं आहे. सीआयपीच्या रीतीने 740 बारच्या 12 बोर बंदुकीची परीक्षा 960 बारला होते. पण ती परीक्षा एक-दोन वेळा झाडण्यापुरती असते आणि कारखान्याच्या बंदिस्त जागेत होते. रोज त्या दाबाखाली चालवण्यासाठी बंदूक बनवलेली नसते. पोलाद थकतं, बोल्टची खिटी झिजते, आणि तडा आधी डोळ्यांना दिसतही नाही.

जाड लोखंडावरचा हा भरवसा कुठून येतो ते तंजावरला दिसतं, कुंभकोणमहून चाळीसेक किलोमीटरवर. तिथे पूर्वेच्या तटावर ‘बीरंगी मेडू’ नावाची जागा आहे आणि तिथे सतराव्या शतकातली, रघुनाथ नायकाच्या काळातली प्रचंड तोफ ठेवलेली आहे. लांबी सुमारे साडेसात मीटर, वजन अंदाजे 22 टन. ओतीव नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या जोडून, वरून कड्या चढवून, ठोकून जुळवलेली. दाब मोजता येत नव्हता त्या काळातला उपाय हा होता: लोखंड जाड करत जायचं. आजची नळी याच्या उलट विचाराने घडते. दाब मोजून ठरवलेला असतो, म्हणून लोखंड तेवढंच ठेवलेलं असतं. ‘जुनी बंदूक जाड, ती काहीही सोसेल’ हे तंजावरच्या तोफेबद्दल म्हणता आलं असतं, कपाटातल्या दुनळीबद्दल नाही.

“पितळ आहे, पुन्हा पुन्हा वापरता येतं”

कुंभकोणम म्हणजे पितळ आणि काशाच्या कारागिरीचा मुलूख. शेजारच्या नाच्चियारकोविलच्या समया प्रसिद्ध आहेत. अशा गावात माणसाचा पितळेवर विश्वास बसणं स्वाभाविक आहे. पण समईचं पितळ आणि काडतुसाचं पितळ यांच्याकडून होणारी अपेक्षा एक नाही. काडतुसाच्या आवरणात साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं. प्रत्येक वेळी झाडताना ते फुगतं, आणि पुन्हा भरण्यासाठी दाबून मापात आणावं लागतं. असं करताना पितळ कडक होत जातं आणि शेवटी तडकतं.

पितळाच्या तडकण्याचा एक इतिहास आपल्याच देशातला आहे. ब्रिटिशांच्या काळात पावसाळ्यात पलटणींचा सराव थंडावत असे आणि काडतुसं तबेल्यात ठेवली जात. पाऊस संपल्यावर काढली, तर आवरणांना तडे गेलेले. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि घडवताना पितळात राहिलेला ताण, या दोहोंनी मिळून ते केलं होतं. शास्त्रीय उलगडा 1921 मध्ये झाला. उपाय निघाला तो कारखान्यातच, पितळ योग्य तापमानाला तापवून ताण काढण्याचा. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसात भिजणाऱ्या कावेरीच्या पट्ट्यात किंवा जूनमध्ये कोकणात, गोठ्याशेजारच्या खोलीत काडतुसांचा डबा ठेवणाऱ्या शेतकऱ्याने हे लक्षात ठेवावं. हा नियम कारखानी काडतुसालाही लागू आहे. पुन्हा पुन्हा भरलेल्याला तर अधिकच.

“ऑलिंपिकचे नेमबाज स्वतःची काडतुसं स्वतः भरतात”

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात पॉइंट टू टू रिमफायर काडतूस असतं. त्याचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि बार होताना तीच कड चेपली जाते. ते पुन्हा भरण्यासारखं राहत नाही. तेजस्विनी सावंत ज्या 50 मीटर प्रोनमध्ये 2010 मध्ये जगज्जेती झाली आणि राही सरनोबत ज्या 25 मीटर पिस्तुलात खेळते, तिथेही हेच काडतूस. अव्वल नेमबाज करतात ते वेगळं: रायफल चाचणीच्या ठिकाणी नेऊन, शिकंज्यात बसवून, कारखान्याच्या कोणत्या लॉटची काडतुसं आपल्या नळीला जुळतात ते तपासतात आणि तोच लॉट घेतात. अचूकतेसाठी घरी भरायला लागतं, या म्हणण्याला त्यांचा आधार नाही.

“वॉरंटी रद्द होते म्हणजे कंपनीचा पैसे काढण्याचा डाव”

आता वॉरंटीकडे. ग्लॉक, रुगर यांसारख्या कंपन्या आपल्या पुस्तिकेत पुन्हा भरलेल्या काडतुसांविरुद्ध स्पष्ट ताकीद देतात. अशा काडतुसांनी झालेली नासधूस वॉरंटीत बसत नाही, काही कंपन्या वॉरंटीच संपली असं धरतात. कारण वर आलंच आहे: कंपनीने बंदूक ठरलेल्या दाबासाठी बनवली आणि तुम्ही तिच्यात न मोजलेला दाब घातला. आपल्या काडतुसांची विक्री वाढवण्यासाठी ही अट आहे असं मला वाटत नाही. यातल्या बऱ्याच कंपन्या काडतुसं विकतही नाहीत. कारखान्यात पुन्हा भरून विकलेली काडतुसंही अनेक पुस्तिका याच यादीत टाकतात.

अमेरिकेत 1975 च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे ग्राहकाला थोडा आधार आहे. ठरावीक ब्रँडचीच वस्तू वापरा, अशी अट वॉरंटीला सहसा घालता येत नाही. पण तो कायदा वॉरंटीपुरता आहे, फुटलेल्या नळीपुरता नाही. व्हिडिओत याचा हवाला ऐकून इथला माणूस तो आपल्याला लागू समजतो. तसं नाही.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा 2019 आहे. त्याचं कलम 87 सांगतं की अपघाताच्या वेळी वस्तूचा गैरवापर झालेला असेल किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध भरपाईचा दावा चालत नाही. बेकायदा भरलेलं काडतूस वापरून फुटलेल्या बंदुकीचा दावा घेऊन ग्राहक आयोगासमोर जाणं म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याची कबुली लेखी देणं. म्हणूनच भारतात वॉरंटीचा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. आधी जीव, मग तुरुंग, मग वॉरंटी.

“त्यांना कळणार कसं?”

कळतं. पुन्हा मापात आणलेल्या आवरणावर साच्याचे ओरखडे राहतात, टोपीचा खळगा बदलतो, नळीत राहिलेल्या काजळीतून दारूचा प्रकार ओळखता येतो. फुगवटा नळीच्या कोणत्या भागात आला, त्यावरून अडकलेली गोळी की अति दाब हे ठरतं. माणूस जखमी झाला की प्रकरण पोलिसांकडे जातं आणि शस्त्र न्यायवैद्यक प्रयोगशाळेत. महाराष्ट्रात असं काम मुंबईच्या कलिन्यातल्या प्रयोगशाळेत होतं.

“चांगली काडतुसं मिळतच नाहीत, म्हणून भरावी लागतात”

काडतुसं महाग आहेत आणि हवी तेव्हा मिळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण मार्ग परवानाधारक विक्रेत्याकडूनच जातो. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून चालू आहे आणि 12 बोरची ‘शक्तिमान’ काडतुसं तिथलीच. ऑक्टोबर 2021 पासून हा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहे. नेमबाजांनी आपली गरज जिल्ह्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे आणि रायफल संघटनेकडे लेखी मांडावी. परवान्यावरची काडतुसांची मर्यादा वाढवून मागण्याची वाट तीच आहे.

वाडवडिलांकडून आलेली बंदूक घरात असेल, तर सोबत आलेली जुनी, हिरवट डाग पडलेली काडतुसं झाडून पाहू नका आणि फोडूही नका. कुंभकोणमच्या रहिवाशासाठी परवाना अधिकारी तंजावरचे जिल्हाधिकारी आहेत, महाराष्ट्रात तुमच्या जिल्ह्याचे जिल्हाधिकारी किंवा शहराचे पोलीस आयुक्त. काडतुसांची संख्या आणि अवस्था लिहून कळवा आणि पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ती जमा करून पावती घ्या. नवी बंदूक घेतली असेल, तर पुस्तिकेतलं काडतुसांचं पान आज वाचा आणि खरेदीच्या पावतीबरोबर जपून ठेवा.