नांवें उरलीं, बागा गेल्या

भायखळा स्टेशनाच्या पूर्वेस माझगांवच्या बाजूला वळणाऱ्या मनुष्यानें स्थळांचीं नांवें लक्षपूर्वक ऐकलीं तर त्यास नवल वाटेल. एके ठिकाणीं अंजीरवाडी, दुसरीकडे ताडवाडी, आणखी थोडें पुढें नारळवाडी. आणि उत्तरेस आगगाडीचें पुढचेंच स्टेशन चिंचपोकळी. परंतु अंजीरवाडींत आज अंजीर पिकत नाहीं. ताडवाडींत ताडांच्या जागीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळी उभ्या राहिल्या. नारळवाडी म्हटलें म्हणजे पुष्कळांस प्रथम तेथील कबरस्तानच आठवतें. मग या नांवांना कांहीं अर्थ उरला आहे, कीं तीं केवळ टपालाच्या पत्त्यापुरतीं आहेत? हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं, म्हणून त्याचा थोडा विचार आम्ही आज वाचकांपुढें मांडणार आहों.

ग्रामनामांची चिकित्सा आपल्याकडे फार पुरातन आहे. पाणिनीनें अष्टाध्यायींत प्रदेशांचीं नांवें सिद्ध होण्याचे चार प्रकार सांगितले आहेत: एखादी वस्तु तेथें आहे म्हणून, एखाद्यानें तो गांव वसविला म्हणून, कोणाचा तेथें निवास आहे म्हणून, किंवा एखादी वस्तु तेथून दूर नाहीं म्हणून. आम्ही शाळेंत हें प्रकरण समजावून देत असतां मुलांस त्यांच्या परिचयाचींच नांवें देत असूं. एकदां अंजीरवाडी हें नांव घातलें, तेव्हां एका चुणचुणीत मुलानें तत्काळ उत्तर दिलें, "गुरुजी, अंजीर नांवाचे कोणी शेठ असतील, त्यांनीं ती वसविली!" वर्ग हंसला, पण त्या मुलाकडे दोष तो काय? त्यानें तेथें अंजिराचें झाड कधीं पाहिलेंच नव्हतें.

त्याच अष्टाध्यायींत दुसरी एक मार्मिक गोष्ट आहे. नांवाचें प्रमाण जर केवळ व्युत्पत्ति असतें, तर जिच्यावरून नांव पडलें ती वस्तु नाहींशी होतांच नांवहि नाहींसें व्हावयास पाहिजे होतें. तसें होत नाहीं. म्हणून लोकव्यवहारांत रूढ झालेली संज्ञाच प्रमाण मानावी, असा तेथील आशय आहे. या सिद्धान्ताचें मूर्तिमंत उदाहरण पाहावयाचें असेल तर भायखळ्यास जावें.

मुंबईच्या सात बेटांपैकीं माझगांव हें एक. त्याच्या पश्चिमेस, आज जेथें भायखळ्याची वस्ती दाटली आहे तेथें, सखल जमीन असून भरतीचें पाणी आंतपर्यंत येई. भायखळा या नांवांत बहाव्याचें झाड व खळें हे दोन शब्द दडले आहेत, असें कित्येकांचें मत आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडार बांध घालून बुजविण्यांत आलें, आणि हा सखल भाग हळूहळू वस्तीस व लागवडीस योग्य झाला. माझगांवचें बेट मात्र त्यापूर्वींच बागाइतीबद्दल नांवाजलेलें होतें. पश्चिम किनाऱ्यावर आंब्याचीं कलमें बांधण्याची विद्या पसरविण्याचें श्रेय पोर्तुगीज अमदानींतील पाद्र्यांस देतात. आपला हापूस हाहि आफोन्सो या पोर्तुगीज नांवाचाच मराठी अवतार होय.

माझगांवच्या आंब्याची कीर्ति केवढी होती याची साक्ष परक्यांनीं देऊन ठेविली आहे. मारिया ग्रॅहम नांवाची एक इंग्रज बाई १८०९ सालीं मुंबईस आली होती. तिची रोजनिशी १८१२ सालीं प्रसिद्ध झाली. ज्या मूळ झाडावरून या जातीचीं कलमें झालीं त्यावर फळांच्या दिवसांत शिपायांचा पहारा असे, आणि शहाजहान बादशहाच्या कारकीर्दींत त्याच्या भोजनासाठीं ताजे आंबे पोंचविण्याकरितां दिल्लीपासून या किनाऱ्यापर्यंत जासुदांची डाक बसविलेली होती, अशी हकीकत तिनें लिहून ठेविली आहे. पुढें १८१७ सालीं टॉमस मूर या आयरिश कवीनें आपल्या 'लाला रूख' या काव्यांत माझगांवच्या आंब्यांचा उल्लेख केला. या कवीनें हिंदुस्थानांत कधीं पाऊलहि ठेविलें नव्हतें. येथील कांहीं झाडें वर्षांतून दोनदां, म्हणजे वैशाखांत आणि पुन्हां नाताळच्या सुमारास, फळतात असेंहि जुन्या वर्णनांत आढळतें. बादशहाच्या डाकेची कथा कोणी अतिशयोक्ति म्हणेल. तरी अतिशयोक्तीसहि कांहींतरी आधार लागतो, आणि येथें तो आधार फळाचा होता.

मग एवढें वैभव गेलें कसें? बाग कुऱ्हाडीनें मरते असा आपला समज आहे. वस्तुतः कुऱ्हाड सर्वांच्या शेवटीं येते. बाग प्रथम मरते ती हिशेबांत. आंब्याचें झाड लावणाऱ्यानें वर्षानुवर्षें थांबावें, पुढें वर्षाकाठीं एकदां फळ घ्यावें, आणि तेंहि मोहोर टिकला तर. उलट चाळींतील खोलीचें भाडें महिन्याच्या महिन्यास येतें, आणि त्यास धुकें लागत नाहीं कीं करपा पडत नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली, ती भायखळ्यावरूनच. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असतां विलायतेस तिकडचा कापूस मिळेना. तेव्हां आपल्या कापसास सोन्याचा भाव आला आणि मुंबईंत पैशाचा पूर लोटला. भायखळा, चिंचपोकळी, परळ, लालबाग या पट्ट्यांत गिरण्यांचीं धुराडीं उभीं राहिलीं, आणि गिरणीपाठोपाठ कामगारांच्या वस्त्या आल्या. १८९६ सालीं प्लेगनें शहर हादरलें. १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन नवे रस्ते व नव्या चाळी यांची आंखणी सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभीं हिवतापाचे डांस पैदा होतात म्हणून शहरांतील अनेक विहिरी झांकण्यांत अथवा बुजविण्यांत आल्या. विहीर गेली कीं वाडीचा प्राणच गेला. यांत कोणी दुष्ट नव्हता. प्रत्येक पाऊल आपापल्या परीनें योग्यच होतें. गरिबांस घर पाहिजे होतें आणि रोग्यांस आरोग्य पाहिजे होतें. मूळ आंब्यावर शिपायांचा पहारा होता, पण तो फळें चोरणारांपासून. जमिनीच्या भावापासून झाडाचें रक्षण करणारा शिपाई कोणींच नेमला नव्हता.

काळाचा विनोद असा कीं, ज्या गिरण्यांनीं वाड्या गिळल्या त्यांचीहि तीच गति झाली. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी थंडावली. पुष्कळांच्या जागीं गगनचुंबी इमारती आल्या. आतां अमक्या गिरणीजवळ म्हणून पत्ता सांगावा, तर तेथें गिरणी नाहीं! पाणिनीचा नियम दुसऱ्यांदां खरा ठरला.

तथापि सर्वच गेलें असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. शेती व बागाइतीस उत्तेजन देणाऱ्या एका मंडळीची शिवडीस बाग होती. ती जागा दफनभूमीसाठीं द्यावी लागली, तेव्हां भायखळ्यास नवीन उद्यान घालण्यांत आलें. १८६२ सालीं तें लोकांस खुलें झालें. हीच आपली राणीची बाग; हल्लीं तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचें नांव आहे. पुष्कळ मंडळी तेथें वाघ, हत्ती पाहून परत फिरतात. झाडांकडे कोणी पाहत नाहीं. गोरखचिंच, उर्वशी, कैलासपती असे देशोदेशींचे वृक्ष तेथें आहेत, आणि एकंदर झाडांची संख्या तीन हजारांहून अधिक भरते. चालू शतकाच्या पहिल्या दशकांत प्राणिसंग्रहालयाच्या नवरचनेची मोठी योजना निघाली, तेव्हां या झाडांसाठीं कांहीं नागरिक, त्यांत विशेषतः भगिनी, नेटानें उभ्या राहिल्या. जो शिपाई माझगांवच्या आंब्यास मिळाला नाहीं, तो येथें मिळाला असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां या सर्वांचा आपल्या घराशीं संबंध काय तें सांगतों. हापुसाच्या कोयीपासून हापूस होत नाहीं हें आपल्याकडे मुलांसहि ठाऊक असतें. बहुतेक आंब्यांत कोयीचें झाड आपल्या मातेसारखें निपजत नाहीं. तिचा गुण हुबेहूब उतरवावयाचा तर कलमच बांधावें लागतें. म्हणून एखाद्या जातीचें शेवटचें झाड कलम न होतां पडलें, तर ती चव जगांतून कायमची गेली; पुढें लाख रुपये मोजूनहि ती मिळत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या कोंकणांतील मूळ घरीं परसांत जुना रायवळ आंबा अद्याप उभा असेल. त्यास शेपू, खोबरी, बिटकी असें कांहीं घरगुती नांव असेल. त्याच्या लोणच्याची किंवा साठांची आठवण आजीबाई अजून काढीत असतील. आज त्या जमिनीसहि भाव येत आहे, आणि विक्रीच्या कागदावर झाडाचें नांव नसतें.

जमीन विकूं नये असा उपदेश आम्ही करीत नाहीं. ज्याची अडचण त्यास ठाऊक. एवढेंच मागणें आहे कीं, सही करण्यापूर्वीं एक पावसाळा त्या झाडास द्यावा. आषाढाच्या सुमारास कोयी रुजवून, दोन आठवड्यांच्या कोंवळ्या रोपावर जुन्या झाडाची तीन-चार महिन्यांची, डोळा फुगलेली काडी पाचरीसारखी बसवून घट्ट बांधावी. यास कोय कलम म्हणतात. कोंकणांतील कोणताहि जाणता माळी तें करून देईल, आणि दापोलीच्या कृषि विद्यापीठांतहि या विद्येची माहिती मिळते. दहा कलमें बांधलीं तर दोन आपण ठेवावीं व आठ आप्तेष्टांस द्यावीं. एकाच अंगणांत राहिलेलें झाड एका सहीनें जातें. दहा अंगणांत गेलेल्यास मरण सहज येत नाहीं.

आणि मुलांस नांवांचा अर्थ सांगावा. संज्ञा वस्तूशिवाय टिकते हें शास्त्र खरें. परंतु तिचा अर्थ जाणणारा कोणी तरी लागतो. तोहि गेला म्हणजे अंजीरवाडींत खरोखरच कोणी अंजीरशेठ येऊन बसतील!