ग्वांगझूमधला मुक्काम
चीनमधून मूल दत्तक घेणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा शेवटचा मुक्काम ग्वांगझूमध्ये असे. आधी मुलाच्या प्रांताच्या राजधानीत ताबा आणि नोंदणी होई. मग त्याच्या चिनी पासपोर्टची वाट पाहायची. अमेरिकी व्हिसा ग्वांगझूच्या वाणिज्य दूतावासातूनच मिळे, त्यामुळे वैद्यकीय तपासणीही तिथेच. कित्येक जण मोठ्या मुलांना, आजी-आजोबांनाही सोबत नेत. शामियान बेटावरचे, १९८३ साली सुरू झालेले व्हाइट स्वान हॉटेल या कुटुंबांचे लाडके. तिथल्या लाल सोफ्यावर बाळांना ओळीने बसवून फोटो काढायची प्रथाच पडली होती. हे दिवस कागदपत्रांपेक्षाही मोलाचे, कारण मूल आणि नवी भावंडे एकमेकांत तिथेच रुळत. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने, जवळच्या नात्यातल्या आणि सावत्र मुलांचे अपवाद वगळता, परदेशी दत्तकविधान बंद केल्याचे जाहीर केले.