दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी अनुकूलित शारीरिक शिक्षण : शिक्षक प्रशिक्षणाची दिशा

प्रस्तावना :
शारीरिक शिक्षणाच्या तासिकेला दिव्यांग विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुधा एकच काम येते, ते म्हणजे मैदानाच्या कडेला बसून इतरांची दप्तरे सांभाळणे किंवा गुण मोजणे. शिक्षकाचा हेतू वाईट नसतो. मुलाला इजा होऊ नये हीच त्याची भावना असते. परंतु ज्याला हालचालीची गरज अधिक, त्यालाच हालचालीपासून वंचित राहावे लागते. या प्रश्नाचे मूळ शिक्षकाच्या वृत्तीपेक्षा त्याच्या प्रशिक्षणात आहे.

कायद्याची भूमिका :
१९९५ च्या अधिनियमात अपंगत्वाचे सात प्रकार नमूद होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ही संख्या २१ केली. याच अधिनियमाच्या कलम १६ नुसार शासनाने अनुदान वा मान्यता दिलेल्या शैक्षणिक संस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि खेळ व मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीने उपलब्ध करून द्यावी, असे अपेक्षित आहे. म्हणजेच तासिकेतून परस्पर दिलेली 'सूट' ही सवलत नसून हक्काचा संकोच होय.

अनुकूलनाची चार अंगे :
अनुकूलन म्हणजे वेगळा खेळ शोधणे नव्हे, तर आहे त्याच खेळात आवश्यक तेवढा बदल करणे. हा बदल चार बाबतींत करता येतो.

१) जागा : मैदान लहान करणे, पृष्ठभाग सपाट ठेवणे. गोलबॉल या अंधांच्या खेळात रेषेखाली दोरी असते; खेळाडू ती स्पर्शाने ओळखतो.
२) कृती : नियम सोपे करणे, वेळ वाढवून देणे. बैठ्या व्हॉलीबॉलमध्ये मैदान १० × ६ मीटर असून पुरुषांसाठी जाळीची उंची १.१५ मीटर असते.
३) साहित्य : आवाज करणारा, हलका किंवा गडद रंगाचा चेंडू वापरणे. अंध क्रिकेटच्या चेंडूत छर्रे असल्यामुळे तो घरंगळताना आवाज करतो.
४) सहभागी : जोडीदार देणे, गटातील संख्या कमी-जास्त करणे.

लगोरीचे उदाहरण घेता येईल. चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्यासाठी लगोऱ्या बाकावर रचाव्यात आणि नेमाचे अंतर कमी करावे. अंध विद्यार्थ्यासाठी जोडीदाराने लगोऱ्यांमागे उभे राहून टाळी वाजवावी. कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी शिटीबरोबर झेंडा दाखवावा. बौद्धिक दिव्यांग विद्यार्थ्याला एका वेळी एकच सूचना, तीही करून दाखवून द्यावी. खेळ लगोरीच राहतो आणि चुरसही कायम राहते.

सुरक्षितता :
सदिच्छा म्हणजे सुरक्षितता नव्हे. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा अस्थिर असतो; म्हणून वैद्यकीय सल्ल्याशिवाय त्यांच्याकडून कोलांटउडी वा शीर्षासन करवून घेऊ नये. सिकलसेलग्रस्त विद्यार्थ्याला भरपूर पाणी व वारंवार विश्रांती द्यावी. दमेपर्यंत पळवू नये. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्या विद्यार्थ्याला पुरेसा घाम येत नाही, त्यामुळे उन्हात त्याचे तापमान झपाट्याने वाढते. पालक व डॉक्टर यांच्याकडून ही माहिती वर्षारंभीच घेणे आवश्यक आहे.

प्रशिक्षणात काय हवे ? :
केवळ व्याख्यानाने हे कौशल्य येत नाही. छात्राध्यापकाने प्रथम निदानाचे नाव न पाहता विद्यार्थी काय करू शकतो याची नोंद घ्यावी : तोल, पकड, नजर, आकलन. डोळ्यांवर पट्टी बांधून खेळण्याचा सराव उपयुक्त आहे, पण मर्यादित अर्थाने. त्यातून अंधत्व समजत नाही. मात्र "इकडे फेक, तिकडे पळ" अशा सूचना किती निरर्थक असतात हे लगेच कळते. त्यानंतर प्रत्यक्ष दिव्यांग विद्यार्थी असलेल्या वर्गावर सराव पाठ घ्यावेत आणि कोणता बदल करावा हे त्या विद्यार्थ्यालाच विचारावे. मूल्यमापन इतरांशी तुलना करून न करता विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मागील कामगिरीशी करावे. मागच्या महिन्यात पाच मीटर गेलेला विद्यार्थी या महिन्यात आठ मीटर गेला, तर ती प्रगतीच होय.

क्षेत्रभेटीसाठी ग्वाल्हेर हे सोयीचे केंद्र आहे. तेथे १९५७ मध्ये स्थापन झालेली लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आहे, तसेच २०२३ मध्ये लोकार्पण झालेले दिव्यांग क्रीडा प्रशिक्षण केंद्रही आहे.

समारोप :
सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात ते गंभीर जखमी झाले आणि पुढे पोहण्याकडे वळले. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. प्रत्येक विद्यार्थी पदक जिंकणार नाही, तशी अपेक्षाही नाही. परंतु मैदानाच्या कडेला बसलेल्या मुलाला आत घेण्यासाठी मोठा निधी लागत नाही; चेंडूत घातलेला घुंगरू, चुन्याने आखलेली जवळची रेषा आणि ती कोठे आखावी हे जाणणारा शिक्षक एवढे पुरेसे असते. असा शिक्षक घडविणे ही शिक्षक प्रशिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांची जबाबदारी आहे.