बोरसीहून तासाभरावरचा समुद्रतळ

लंडनला मुलांकडे गेलेले आईवडील एक दिवसाची सहल हमखास करतात: सकाळी निघून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे खडूचे पांढरे कडे पाहायचे. त्यांतला बीची हेड हा कडा १६२ मीटर उंच आहे. डायनोसोरांच्या काळात समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांची चुनेरी कवचे तळाशी साचून तो खडू झाला. कडा ठिसूळ असल्याने कडेला उभे राहू नका, हे मार्गदर्शकाचे म्हणणे मनापासून ऐकावे.

पण भिलाईच्या बोरसीत राहणाऱ्यांना प्राचीन समुद्र पाहायला विमानाची गरज नाही. पोलाद कारखान्याला चुनखडक पुरवणारी नंदिनीची खाण तासाभराच्या अंतरावर आहे. हा खडक उथळ समुद्रात तयार झाला. इंग्लंडच्या खडूपेक्षा तो कितीतरी पट जुना, कवचधारी प्राणी अवतरण्याआधीचा! या खडकगटात स्ट्रोमॅटोलाइट सापडतात. सूक्ष्मजीवांच्या थरांवर चुना बसत गेला आणि कोबीच्या कापासारखी एकात एक वलये दगडात उमटली. खडकावर सौम्य आम्लाचा थेंब टाका, लगेच फसफसतो. कार्बन डायऑक्साइडचे ते बुडबुडे. झोतभट्टीत हाच चुना खनिजातली वाळू धरून मळी वेगळी काढतो.

इतकी मोठी गोष्ट दाराशी असताना आपल्या शाळा मुलांना तिथे नेत नाहीत, याचे वाईट वाटते. खाण चालू असल्याने आधी परवानगी घ्यावी आणि सोबत भूगर्भशास्त्राचा जाणकार न्यावा.